एकाच पातेल्यातला काढा

वसमत तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मूळ पत्र लांब आहे, मी थोडं आवरून देते.

"नमस्कार मॅडम, आमचं सात माणसांचं घर आहे. सासू, सासरे, आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचं बाळ आणि सध्या माहेरी आलेली नणंद. तिला पाचवा महिना लागलाय. सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, सासूबाईंना शुगर आहे. थंडी पडली की एकाचं पडसं सगळ्या घरात फिरतं. छिंदवाड्याकडं खोकल्याच्या औषधानं लेकरं दगावल्याची बातमी बघितल्यापासून आम्ही बाटलीतलं औषध घरात आणणं बंद केलंय. मी रोज सकाळी मोठं पातेलं भरून काढा करते. अडुळसा, गुळवेल, ज्येष्ठमध, सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी, तुळस, हळद आणि गूळ घालून चौथाई होईपर्यंत आटवते. मोठ्यांना तीन वेळा कपभर देते, मुलीला अर्धा कप आणि बाळाला मधात कालवून एक चमचा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बाळाला देऊ नका म्हणून सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का?' मालकांचा खोकला सोयाबीनची रास झाल्यापासून जातच नाही. धाकटा दीर पुण्याला शिकायला आहे, त्यालाही काढा बाटलीत भरून पाठवावा म्हणते. माझं काही चुकतंय का?"

ताई, तुमच्या काढ्यातली एकही वस्तू टाकाऊ नाही. अडचण पातेल्याची आहे. भाजी एका पातेल्यात सगळ्यांची होते, औषध होत नाही. सात माणसांत पाच तऱ्हेच्या प्रकृती आहेत आणि तुम्ही सगळ्यांच्या कपात तेच ओतताय. म्हणून मी एकेका माणसाकडं बघून सांगते. सुरुवात बाळापासून, कारण ती गोष्ट आजच थांबवायची आहे.

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या तोंडाला मध लावायचा नाही. जन्मतः बोटावर चाटवायचा नाही, काढ्यात नाही, चमच्याच्या टोकावरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचा जम बसत नाही, तान्ह्याच्या आतड्यात बसतो. तिथं ते विष तयार करतात आणि त्या विषानं स्नायू लुळे पडतात. आधी बाळाला शौचाला कडक होतं, मग रडणं बारीक होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान टाकतं. घरच्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत. त्यामुळं 'आमचा मध शेतातल्या मोहोळाचा, अस्सल आहे' हे इथं कामाचं नाही. अस्सल मधातही ते असू शकतात. आत्तापर्यंत दिलेल्यानं काही झालं नसेल तर घाबरू नका, पण वर सांगितलेल्यातलं काहीही दिसलं तर तडक डॉक्टरकडं जा आणि मध दिला होता हे न लपवता सांगा. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं.

काढाही बाळाला नकोच. गुटीत वेखंड उगाळत असाल तर तेही थांबवा. वेखंडात बीटा-अ‍ॅसरोन नावाचं द्रव्य असतं, ते तान्ह्याला सोसणारं नाही. टाळूवर वेखंडाची पूड भरतात, ती उडून नाकात जाते आणि चोंदलेलं नाक आणखी चोंदतं. भीमसेनी कापराची पोटली गळ्यात बांधतात, तीही दोन वर्षांच्या आत नको. कापराचा बारका तुकडा गिळला तरी लेकराला झटके येऊ शकतात, आणि दहा महिन्यांचं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. नाकात तेल सोडू नका. शेगडीवर ओवा टाकून बाजेखाली धुरी द्यायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. ज्याला आधीच श्वास घ्यायला जड जातंय त्याला वरून धूर कशाला?

मग बाळाला द्यायचं काय? अंगावरचं दूध, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं. नाक चोंदलं की बाळाला एका दमात ओढता येत नाही. म्हणून पाजायच्या आधी नॉर्मल सलाइनचे थेंब, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं साधं मिठाचं निर्जंतुक पाणी, प्रत्येक नाकपुडीत एकदोन थेंब सोडा आणि मऊ कापडानं पुसा. दहा महिन्यांचं आहे, तर वरणाचं पाणी, पातळ पेज कोमट करून चालेल. आणि श्वास मोजायला शिका, हे सगळ्यात मोलाचं. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचा कपडा वर करून मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध सोडलं असेल, लेकरू पेंगत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी कुणी पोटाला बिब्ब्याचा डाग द्यायला सांगेल. न्यूमोनिया आत फुप्फुसात असतो, डागानं लेकराच्या नशिबी फक्त भाजणं येतं आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

छिंदवाड्याबद्दल. २०२५ च्या त्या प्रकारात खोकल्याच्या पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक निघालं आणि लेकरांच्या किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत. म्हणजे दुकानातून खोकल्याची बाटली न आणण्याचा तुमचा निर्णय या बाळासाठी योग्यच आहे. पण त्या रागात तापाचं औषधही बंद करू नका. बाळाला ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, डॉक्टरकडून लिहून घ्या आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानंच द्या. घरचा चमचा कुणाचा केवढा असतो सांगता येत नाही. ॲस्पिरिन मात्र मुलांना कधीच नाही.

सहा वर्षांच्या मुलीला मध चालतो, किंबहुना तिच्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं खोकल्याचं औषध तेच. रात्री झोपताना एक लहान चमचा, नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यात द्या. रात्रीची ढास कमी होते हे तपासून पाहिलेलं आहे. काढा अर्धा कप नको. गवती चहाच्या दोन पाती आणि चार तुळशीची पानं गरम पाण्यात झाकून ठेवून ते पाव कप पुरे. मिरे-लवंगेनं तिच्या पोटात आग होईल आणि उद्या ती कशालाच तोंड लावणार नाही. वाफ द्यायला तिला पातेल्यावर वाकवू नका. सर्दीपेक्षा उकळतं पाणी सांडून भाजलेली लेकरंच जास्त लक्षात राहतात.

आता सासरे. यांच्या कपातून ज्येष्ठमध काढायचा. घशाला ज्येष्ठमध फार छान, गायकसुद्धा तोंडात धरतात. पण त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बीपीच्या गोळ्यांत लघवी होण्याची गोळी असेल तर ती पोटॅशियम आधीच कमी करत असते, वरून हा तीन वेळचा काढा. पायावर सूज, स्नायूत गोळे, छातीत धडधड असं काही त्यांना होत असेल तर डॉक्टरांना काढ्याचंही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आलं, लसूण, हळद जेवणातली चालेल, औषध म्हणून वाटी वाटी नको. आणखी एक, नाक मोकळं करणाऱ्या दुकानातल्या सर्दीच्या गोळ्याही बीपी वाढवतात. 'सर्दीची एक द्या' म्हणून मागताना बीपी आहे हे सांगायला हवं, आणि आपल्याकडं कुणी सांगत नाही.

सासूबाईंच्या काढ्यातला गूळ बंद. गूळ असो, मध असो, शुगरला ती साखरच. दिवसातून तीन कप गुळाचा काढा पिऊन 'पथ्य पाळते तरी शुगर का वाढली' असं विचारणाऱ्या बायका माझ्याकडं थंडीभर येतात. शिवाय गुळवेलीनं साखर उतरते, गोळ्यांबरोबर रोज घेतली तर कधी जास्तच उतरते.

गुळवेलीबद्दल इथंच सांगून टाकते. मी वैद्य आहे, गुळवेल वापरते. पण ती जपून वापरायची गोष्ट आहे. कोरोनाच्या काळात घरोघर महिनोन्‌महिने गुळवेल उकळली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीची शंका घेतली. वाद काहीही असो, घरातल्या सात जणांनी सर्दीसाठी रोज गुळवेल प्यायची गरज नाही. पडसं तिच्यावाचून जातं. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेलेली दिसली तर सगळे काढे बंद करून यकृताची तपासणी करा. दालचिनीचंही थोडं असंच. बाजारात जाड सालीची मिळते तिच्यात कुमरिन जास्त असतं, रोज चमचा चमचा यकृताला बरी नाही. बोटाच्या पेराएवढा तुकडा कधीमधी, इतकंच.

नणंदेला अडुळसा अजिबात नको. तुमच्या बांधावरचा हा हिरवागार झुडुप खोकल्याचा राजा आहे यात वाद नाही. त्याच्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढं ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, दुकानातल्या कितीतरी बाटल्यांत ते असतं. पण त्याच व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून गरोदरपणात अडुळशाचा रस, काढा, चाटण काहीही नाही. ज्येष्ठमध आणि गुळवेलही तिच्यासाठी बाजूला. तिला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, साधी वाफ, चहात आल्याचा तुकडा, रात्री मध, इतकं पुरतं. तिला ताप आला तर मात्र घरी दिवस काढू नका. फ्लू गरोदर बाईला जड जातो. अचानक चढलेला ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला असं असेल तर ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. तुम्ही काढा पाजत दोन दिवस घालवले की ती वेळ हातची जाते. सासरे, सासूबाई आणि बाळालाही हेच लागू. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, गरोदरपणातही चालते, तिच्या डॉक्टरांना विचारा.

मालकांना मुळात पडसं आहे असं मला वाटत नाही. मळणी यंत्रापुढं तोंड न बांधता उभं राहिलं की सोयाबीनचा भुस्सा छातीत जातो, पुढं तुरीची रास, मग हळद पॉलिशला जाते तेव्हाची धूळ. त्यांना काढ्यापेक्षा नाकाला नीट बसणारा मास्क जास्त उपयोगी पडेल. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. यात लाजण्यासारखं काही नाही. टीबी निघाला तर औषधंही फुकट आहेत, नाही निघाला तर जीव निवांत. कुणी बिब्ब्याचं तेल दुधात पाडून प्यायला सांगेल, आपल्या भागात ही टूम जुनी आहे. शुद्ध न केलेल्या बिब्ब्यानं तोंड, घसा, अंग उतून येतं. तो घरी करायचा विषय नाही.

तर मग काढा कुणासाठी? तुमच्यासाठी, मालकांसाठी आणि बदल करून सासू-सासऱ्यांसाठी. पण तो करायची पद्धत थोडी बदला. तुम्ही तुळससुद्धा चौथाई होईपर्यंत उकळता, त्यात तुळशीचा वास स्वयंपाकघरात पसरतो आणि कपात काही उरत नाही. मुळं आणि साली उकळायच्या असतात, वासाची पानं नंतर घालून झाकायची असतात. दोन कप पाणी घ्या, अर्धा चमचा सुंठ, तीनचार मिरे ठेचून, दालचिनीचा छोटा तुकडा. मंद आचेवर दीड कप होऊ द्या. गॅस बंद केल्यावर सातआठ तुळशीची पानं चुरडून आणि गवती चहा टाका, ताट झाका, दहा मिनिटांनी गाळा. झाकण काढताना ताटाच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ते परत पातेल्यात झटका, सुगंधी तेल तिथंच लागलेलं असतं. एका वेळी अर्धा कप, दिवसातून दोनदा, तीनचार दिवस. स्टीलचं पातेलं घ्या. छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याध वर येणं असं झालं तर त्याच दिवशी थांबवा. २०२० मध्ये लोकांनी इतके काढे प्यायले की सर्दी नसलेल्यांनाही पित्ताचे औषध लागले.

यानं पडसं लवकर जाईल का? नाही. सर्दी दोनशेहून जास्त विषाणूंनी होते, ती सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते आणि अँटिबायोटिकनंही एक दिवस आधी जात नाही. काढ्यानं घसा शेकतो, नाक सुटतं, पोटात पाणी जातं, झोप लागते. हे थोडं नाही. पण सर्दी होऊच नये म्हणून दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज काढा, याला काही अर्थ नाही. त्यापेक्षा बाहेरून आल्यावर हात धुणं आणि पडसं झालेल्यानं बाळाचा मुका न घेणं कामी येतं.

हळद काढ्यात उकळण्यापेक्षा रात्री दुधात घ्या. कपभर दूध, पाव चमचा हळद, चिमूट मिऱ्याची पूड. मिरे आणि दुधातली साय असली की हळदीतलं कर्क्युमिन अंगाला जास्त लागतं. हळद तुमच्या गावची, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा पाकिटाची आणूच नका. पॉलिशच्या वेळी पिवळा रंग चढवायला काही ठिकाणी लेड क्रोमेट मारतात, त्यात शिसं असतं. घरच्या रानातली पॉलिशला न दिलेली हळकुंडं काढून ठेवा आणि तीच दळा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. 'आम्ही लेकरं वाढवली नाहीत का' हे बोलणं त्यांना बाजूला सारल्यासारखं वाटतं म्हणून येतं. तुम्ही मोबाइल दाखवून वाद घालू नका. मध आणि गुटीचं आरोग्य केंद्रातल्या सिस्टर किंवा आशाताई यांच्या तोंडून सांगू द्या, त्यांना पुढच्या खेपेला घरी बोलवा, चहा ठेवा. आणि सासूबाईंच्या हातात दुसरं काम द्या, जे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं: हुलग्याचं माडगं.

पडशात खरी ताकद या माडग्यानं येते. हुलगे खमंग भाजायचे, भरडून पीठ करायचं. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गाठी होतात. दोन कप पाण्यात गूळ विरघळवून उकळी आली की पीठ सोडायचं आणि हात न थांबवता हलवायचं. सुंठ, चवीपुरतं मीठ. दूध घालायचं असेल तर खाली उतरवून, जरा निवल्यावर, नाहीतर गुळानं फाटतं. पातळच ठेवा, पिता आलं पाहिजे. सासूबाईंच्या वाटणीला गुळाऐवजी जिरं-लसणाची फोडणी. नणंदेला चालतं, मुलीला आवडेल. मालकांना शेंगोळे करून घाला, लसूण जरा जास्त टाकून. मुलीच्या छातीला तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी शेकायची तर तेही सासूबाईंनाच करू द्या, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं तेवढं सांगा.

दिराला बाटली पाठवू नका. काढा पाण्यात केलेली गोष्ट आहे, एसटीत दिवसभर आणि खोलीवर चार दिवस राहिला तर आंबतो. घरातही सकाळचा काढा रात्रीपर्यंतच, फ्रिज असला तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्याला कोरडी पूड पाठवा. सावलीत वाळवलेली तुळशीची पानं चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक भाग. कोरोनात आयुष मंत्रालयानं सांगितलेलं प्रमाण हेच. वेगवेगळं कुटा, मग एकत्र करा, कोरड्या बरणीत भरा. तीन ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, दीडशे मिलि उकळत्या पाण्यात टाकून झाकायचं आणि गाळून प्यायचं. बरणीवर तारीख आणि काय काय घातलंय ते लिहा. खाली ठळक लिहा, 'ताप तीन दिवसांच्या वर गेला, दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉक्टर'. मेसमधली मुलं बरणीवरचंच वाचतात.